जुन्या हॉलमधली नीज

४ ऑगस्ट
आजपासून मी अपेक्षा टीचर! फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं आले आणि छावणीत उतरले. नन्सची नर्सरी म्हणजे दगडी कमान, बुचाची झाडं आणि गुडघ्याएवढ्या खुर्च्या. मुख्याध्यापिका सिस्टर लुर्दिना मंगळूरच्या, पण मराठी फर्डं बोलतात. वर्धापनदिन जवळ आलाय, तेव्हा जुन्या लोकांना भेटून शाळेचा इतिहास मीच लिहायचा म्हणाल्या. बीएला इतिहास घेतल्याचं चीज झालं! बजाजनगरची चिमुकली अक्षदा दिवसभर माझ्या ओढणीला धरून होती. तिला एकटी आईच. ती कंपनीत जाते.

७ ऑगस्ट
निजामाच्या काळात नन्सनी छावणीतल्या खानसाम्यांच्या, घोडे सांभाळणाऱ्या मोतदारांच्या पोरांसाठी ही नर्सरी काढली. दुपारी दूध देऊन मुलांना निजवायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. वर्ग रंगवायला काढलेत, म्हणून आजपासून मुलं जुन्या हॉलमध्ये झोपतात. एरवी केवढा दंगा असतो. आज मात्र पाठ टेकताच गप्प.

११ ऑगस्ट
आवडाबाई इथली जुनी आया. तिची आईही इथंच होती. शाळेच्या आठवणी विचारल्या तर म्हणाली, "आधी लेकरं तिथून हलव, पोरी. ती अजून थापटती."
मग तिनं आईकडून ऐकलेलं सांगितलं. एकदा तापाची साथ आली, तेव्हा आजारी मुलं त्या हॉलमध्ये ठेवली होती. सिस्टर बेनेडिक्ता त्यांना थापटत बसायची. मुलं एकेक करून गेली. तिला ते पटेचना. आईबाप न्यायला आले की म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय, नंतर या. शेवटी बसल्या जागी तीही गेली.
हे इतिहासात कसं लिहू?

१३ ऑगस्ट
अक्षदा उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं डोळे उघडले. म्हणाली, दुसरी सिस्टर लई छान थापटती, पण तिचा हात गार हाय.
हॉलमध्ये मोठं माणूस मी एकटीच होते.

१४ ऑगस्ट
मुलांना बुचाखाली निजवलं. सिस्टर लुर्दिना संतापल्या. मुंग्या, विंचू, पालक काय म्हणतील! आयाच्या गोष्टी डोक्यात घेऊ नका म्हणाल्या. त्या स्वतः हॉलमध्ये येऊन बसतील का, विचारलं. उलट, मुलं पुन्हा हॉलमध्येच निजतील म्हणाल्या. अक्षदाच्या आईला फोन केला. शिफ्ट सोडून येता येत नाही. काही दिवस पाठवू नका म्हटलं, तर रडायला लागली — ठेवू कुठं हिला?

१८ ऑगस्ट
मीही ऐकलं. चादरीवर तळहात. हळू, एका लयीत. एका मुलाकडून दुसऱ्याकडे. आवाज जवळ गेला की त्या मुलाचा श्वास लांबतो — पुढचा श्वास येईपर्यंत माझा जीव —

१९ ऑगस्ट
आज झोपूच द्यायचं नाही ठरवलं. गाणी म्हटली. मुलं टाळ्या वाजवता वाजवता आडवी झाली. अक्षदा मांडीवर. जागं राहायला लिहितेय — पाय उचलत नाहीत — आवडाबाईला हाक मारली —

आली. अक्षदाला ओढून नेलं. एकेकाला नेतेय. बाहेर मुलं रडतायत. रडतायत! सगळी —

थापटणं थांबलेलं नाही. ते आता फक्त माझ्या पाठीवर. आवडाबाई ओरडतेय, "डोळं मिटू नगस, पोरी!" लांबून येतो आवाज. फार लांबून. हात गार आहे, पण किती माया — नाही — जागी राहा, अपेक्षा — थोडंसंच — आत्ताच डो