चौथ्या मजल्यावरची जास्तीची उष्णता

३ मे
लागले एकदाची नोकरीला! सात मजल्यांची इमारत आणि तिच्यातल्या सगळ्या एसींची जबाबदारी माझ्या एकटीवर. आईला फोन केला तर म्हणाली, जगाला गार करशील गं, आधी स्वतःचं डोकं गार ठेव. वॉचमनमामांनी आल्या आल्या चहा पाजला. साहेबांनी पहिलं काम दिलंय ते चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलचं. लवकरच तिथे चाळीस बायका शिवणकामाला बसणार. हवा पुरेशी आहे असा माझ्या सहीचा दाखला हवाय.

४ मे
वीस बाय पंधराचा हॉल, दोन टनांचा एसी. हवा बाहेर सोडणारी जाळी दोन चौरस फूट, हवेचा वेग मिनिटाला चारशे फूट. म्हणजे मिनिटाला आठशे घनफूट हवा. दोन टनांना अगदी चोख. हवाही गार, पंधरा अंश. असल्या रिकाम्या खोलीला एक टन रग्गड. तरी तासाभरानंतर तापमानाचा काटा तिशीवरच!

५ मे
छत, खिडक्या, दिवे, सगळं धरलं. तरी एक टन उष्णता जास्तीची उरते. सहज गंमत म्हणून, एक बसलेला माणूस जेवढी ऊब सोडतो तिने भागून पाहिलं. तीस आले. हसले. पण दुपारपर्यंत एसीच्या पाण्याची बादली काठोकाठ भरली. कोणी नसलेल्या खोलीत एवढी वाफ सोडतंय कोण?

७ मे
त्या पाण्याला तोंडाच्या वाफेचा वास येतो. मामांना विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग खाली बसले. म्हणाले, पूर्वीही इथे शिवणकामच चालायचं. बायका उठून जाऊ नयेत म्हणून साहेब बाहेरून कुलूप लावायचे. एका दुपारी वायरिंग जळलं, धूर कोंडला. तीस जणी गेल्या. त्यांत मामांची धाकटी बहीण.

८ मे
सही करणार नाही, असं साहेबांच्या तोंडावर सांगून आले. ते म्हणाले, हवा बरोबर भरतेय ना? मग सही का अडवतेस? परवापर्यंत सही नाहीतर घरी बस.

९ मे
जाळीला दोरा बांधला. हवा बाहेर येते, तर दोरा बाहेरच उडायला हवा. बाहेर... आत. बाहेर... आत. संथ.
एसी बंद केला. तरी दोरा—

१० मे, दुपार
हॉलमध्ये राहिलेलं तापमानाचं मीटर आणायला आत आले. दार आपोआप लागलं. उघडत नाही. वही हातात आहे म्हणून—
काटा चौतीसवर. अडतीस. अंगाला अंग लागतंय. दिसत कोणीच नाही.
मामा आलेत. किल्ली फिरत नाही म्हणतात. हाक मारली त्यांनी, पोरी, आहेस ना गं आत?
माझ्याआधी कानाशी कोणीतरी ओ दिली. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच.
मामा रडतायत. सगळ्या एकदम बोलू नका म्हणतात. तुमच्यातली जिवंत कोणती?
मी ओरडतेय, मी, मामा, मी. त्याही तेच—