डाग गेल्यानंतर

सोम., ३ ऑगस्ट
मुक्ताच्या पायांवरचे जांभळे डाग गेले. गुडघ्यांची सूजही. बहीण नंदा खूश : "अक्का, पोरीचं संपलं एकदाचं." संपलेलं नाही. डॉ. स्पष्ट म्हणाले, आजार रक्तवाहिन्यांचा. कातडी दिसते, मूत्रपिंडं दिसत नाहीत. सहा महिने दर सोमवारी सकाळची पहिली लघवी, पट्टी बुडवून प्रथिनं बघायची. काम माझ्याकडे. नंदाची तारिहाळच्या कारखान्याची बस सातला.

१० ऑगस्ट
पट्टी पिवळी. म्हणजे ठीक; हिरवी झाली तर प्रथिनं जातायत. मुक्ताबाई आठ वर्षांच्या, दाराआडून : "मावशी, तू उभी राहिलीस की मला येतच नाही!" पंधरा मिनिटं गेली.

२३ ऑगस्ट
माझ्या घराचा वरचा मजला रिकामा. नंदा, तिचा नवरा, मुक्ता, तिघं उणकलच्या नव्या फ्लॅटमध्ये. चांगलं झालं, हवा येते. पट्ट्यांची डबी मी स्वतः सामानात ठेवली.
संध्याकाळी दोनदा जिन्याकडे पाहिलं. मूर्खपणा.

७ सप्टें.
फोन केला. "राहिलं गं अक्का या वेळी. बरी आहे ती, दोरीवरच्या उड्या मारतीय." मागचा सोमवारही राहिला होता. बोलले. जास्तच बोलले. मग नंदा : "पोरीला भेटायला ये की कधी. सदा तपासायलाच काय?"
फोन मीच ठेवला.

८ सप्टें.
पहिली सिटी बस. मुक्ताने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं, आत पळाली. पट्टीवर प्रथिनांचा चौकोन हिरवा. गॅलरीत उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. हिरवाच. पट्टी नंदाच्या हातात दिली, डॉ.ची वेळ घेतली.

१० सप्टें.
"अंजबेड्री मेडम," घाबरू नका म्हणाले डॉ. बहुतेक मुलांचं आपोआप सुधारतं. रक्तदाब ठीक. पण प्रथिनं वाढत गेली तर मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. नंदाने विचारलं, दोन सोमवार चुकले, त्यामुळे? "त्यानं आजार वाढत नाही. कळायला उशीर होतो, इतकंच."
इतकंच. रिक्षात नंदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

१४ सप्टें.
पुन्हा हिरवा. वाढला की तेवढाच, सांगता येईना. डॉ. : पुढच्या सोमवारचं प्रयोगशाळेत बघून तुकड्याचं ठरवू.

रवि., २० सप्टें.
दुपारी गेले.
"आज सोमवार नाही ना?"
"नाही."
"मग कशाला आलीस?"
तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले. याला उत्तर म्हणून तिची सापशिडी काढली. खेळलो. दोनदा हरले, एकदा तिच्या लबाडीमुळे. दिसलं, तरी पट पुन्हा मांडला. निघताना तिने पदर धरला : "राहा की गं." असं मला कुणी शेवटचं कधी म्हणालं होतं?

राहिले.

२१ सप्टें.
नंदा बसला गेली. मुक्ता अजून झोपलेली, तिचा एक पाय माझ्या मांडीवर. त्यावर डाग नाही, काही नाही. उठवायला हवं, पहिलीच लघवी लागते. प्रयोगशाळेचा माणूस नमुना न्यायला आठला येणार.
सव्वासात. आणखी पाच मिनिटं झोपू दे.