मंगळवारचा बटाटा

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं! आणि कुठे, तर आमच्या फॅमिली ग्रुपवर! जिथे मी आजवर फक्त वाढदिवसाचे केक बघायला जात होते.

नीट लिहिते. बटाटा. रस्त्यावरचे कामगार लांबून दिसावेत म्हणून घालतात तसलं पिवळंधमक हाय-व्हिज जॅकेट घातलेला एक उकडलेला बटाटा, मागे कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, कचऱ्याचे बिन्स, आणि खाली ठळक इंग्रजीत — मंगळवार रद्द झाला आहे. बस, एवढंच मीम. असल्या बिनबुडाच्या मीम्समध्ये लोकांना अर्थ कुठून दिसतो, हा माझा पीएचडीचा विषय, आणि चौथं अख्खं प्रकरण ह्या बटाट्यावर. जॅकेट घालूनही कुणाला न दिसणारा कामगार, त्याच्याकडून काढून घेतलेला वेळ, परात्मता — काय काय लिहिलं होतं मी! आणि ह्याच बटाट्याने गेल्या मेमध्ये माझा व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, बुडवला. बाहेरून आलेला तो पातळ ओठांचा परीक्षक म्हणाला, 'हे सगळं तुम्हाला एकटीला दिसतंय. दुसऱ्या कुणाला काय दिसतं?' निकाल? वर्षभरात पुन्हा लिहा, पुन्हा व्हायव्हा द्या. शेवटची संधी. ती हुकली की पीएचडी नाही, एम.फिल.चा कागद घेऊन मॅंचेस्टरहून थेट सातारा.

तर आज सकाळी ग्लासगोहून सुचेतामावशीने तोच बटाटा ग्रुपवर टाकला! खाली लिहिलंय — 'कौन्सिलने आजचं बिन कलेक्शन रद्द केलेलं दिसतंय. पण त्यात बटाटा कशाला? मंगळवारी उपास करणाऱ्यांना टोमणा मारतात की काय?'

मावशी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. जन्मभर लोकांना मोजूनमापून झोपवलं बाईने.

देव, तिचा मुलगा, लगेच — 'आई, हे जोक आहे. तो बटाटा रियल नाही आहे.'

मावशी — 'रियल नाही म्हणजे? चांगला उकडलेला दिसतोय. वर जिरं पण आहे.'

जिरं!! बटाट्यावरचे ते काळे ठिपके! फोटो हजार वेळा इकडून तिकडे गेला की असा झिजतो, त्या झिजण्यावर मी चार पानं खर्ची घातली होती. आणि मावशीला दिसली तुपात परतलेली उपासाची भाजी. दुसऱ्या कुणाला काय दिसतं? हे दिसतं, महाशय! हे!

५ फेब्रुवारी

मावशीने काल खरंच कौन्सिलला फोन केला होता. ते म्हणाले, 'बिन्स वेळेवर येतील, मॅडम. बटाट्याबद्दल आम्हाला काही कल्पना नाही.'

११ फेब्रुवारी

ग्रुपवर अजून तेच चाललंय. नागपूरच्या मामी म्हणतात, जॅकेट प्लॅस्टिकचं आहे, म्हणजे बटाटा उपासाला चालतो. पुण्याचे काका म्हणतात, मंगळवार रद्द करणारी कौन्सिल कोण, तो अधिकार पंचांगाचा. निम्म्यांना कळलंय की गंमत आहे, निम्म्यांना नाही, आणि कोण कुठल्या निम्म्यात ते कुणालाच सांगता येत नाही. मी एकेक मेसेज उतरवून घेतेय. सगळ्यांची रीतसर परवानगी घेतली. मावशी म्हणाली, 'काय लिहायचं ते लिही, फक्त माझं वय टाकू नकोस.'

हेलनला, माझ्या गाइडला, ट्रॅममधूनच फोन केला. ती इतक्या जोरात हसली की शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, 'निधी, हे तुझं पाचवं प्रकरण.' मला माहीत होतं!

२५ फेब्रुवारी, मंगळवार, ग्लासगो

मुद्दाम मावशीच्या उपासाचा मंगळवार गाठून आले. मावशीची मुलाखत.

एक गोष्ट मला फार भारी वाटतेय. ह्या घरात देव्हारा नाही! गणपती आहे, पण पुस्तकांच्या कपाटात, औषधशास्त्राच्या दोन ठोकळ्यांच्या मध्ये, आणि तोही कुणीतरी भेट दिलेला. मावशी स्वतःला बिनदिक्कत नास्तिक म्हणवते. सत्यनारायणाला बोलावलं तर प्रसादाच्या वेळेला पोचते. आणि तीच बाई आज दिवसभर चहावर, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी — जिरं घालून!

मी रेकॉर्डर लावून विचारलं, 'मावशी, मंगळवार का करतेस?'

'धरलाय.'

'हो, पण का?'

'असंच गं. उपासाला कारण लागतं का? खिचडी गार होतेय, जेव आधी.'

तीनदा विचारलं. तीनदा खिचडी वाढली.

झालं की माझं काम! कारण सांगताच येत नाही. श्रद्धा केव्हाच गेली, मागे नुसता आकार उरला — चिन्ह आहे, चिन्हित गायब. साताऱ्याच्या स्वयंपाकघरातून पन्नासेक वर्षांपूर्वी निघालेली सवय, ग्लासगोत अजून चालू आहे. मीमसुद्धा असंच प्रवास करतं ना? अर्थ गळून पडतो, आकार पुढे जातो. मावशीचा उपास आणि तो बटाटा, दोघं एकाच जातीचे! आज मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

१४ मार्च

पाचवं प्रकरण पळतंय. दिवसाला दीड हजार शब्द! गेल्या वर्षी एक परिच्छेद लिहायला आठवडा जायचा आणि नंतर तो खोडायला दुसरा. आज लिहिलेलं वाक्य इथे उतरवून ठेवते, कारण ते मला फार आवडलंय — 'प्रतिसादकाच्या उपासामागे आज कोणताही हेतू उरलेला नाही. ती केवळ स्वतःची पुनरावृत्ती करणारी सवय आहे.' काय वाक्य आहे! आखीव-रेखीव!

२ एप्रिल

हेलनने त्या वाक्यापाशी समासात लिहिलं — 'नक्की?' मी लिहिलं — 'नक्की.'

३० एप्रिल

सबमिट केलं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, 'त्या बटाट्याचंच ना अजून?' त्याचंच, आई. बटाट्यावरच घर चालायचंय आपलं.

२० मे

व्हायव्हा पाच जूनला. परीक्षक तोच. रात्री स्वप्नात त्याने माझा प्रबंध उघडला आणि आत नुसती सालं होती.

मावशीचा फोन आला. 'खातेस ना नीट?' म्हटलं, खाते. 'झोपतेस ना?' म्हटलं, नाही. म्हणाली, 'मी भूल द्यायचे तेव्हा पेशंटला म्हणायचे, दहापासून उलटं मोज. सातच्या पुढे कुणी जायचं नाही. तू पण मोज.' मोजले. वीसदा शून्यापर्यंत पोचले. मोठी भूलतज्ज्ञ!

५ जून, गुरुवार

पास! पास!! पास!!!

सगळं आजच लिहिणार.

पातळ ओठवाला पहिल्यापासून तयारीत होता. पंधरा मिनिटं कोरड्या चेहऱ्याने इकडचं तिकडचं विचारलं. मग चौथं प्रकरण उघडलं आणि ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाला, 'हे झिजलेल्या प्रतिमेचे अवशेष आहेत, असं तुम्ही गेल्या वेळी ठामपणे म्हणाला होतात. आता काय म्हणता?'

मी म्हटलं, 'जिरं.'

हेलन कोपऱ्यात बसली होती, तिने छताकडे पाहिलं.

मग मी सुटलेच. उपास म्हणजे काय, त्याला बटाटा का चालतो आणि कांदा का नाही, मावशीने कौन्सिलला केलेला फोन, पंचांगवाले काका, सगळं. म्हटलं, तुम्ही विचारलं होतंत, दुसऱ्या कुणाला काय दिसतं? हे बघा, एका बटाट्यात तीन शहरं, दोन भाषा आणि एक वार दिसतो, आणि ह्यातलं कुणीही चुकीचं वाचत नाहीये. चूक माझी होती, मी मीमला एकटं गाठून वाचत बसले. ते माणसांच्या घोळक्यात वाचायचं असतं.

तो पातळ ओठवाला हसला! दात आहेत त्याला! मग त्याने वही काढली आणि उपासाचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. बाहेर दहा मिनिटं बसवलं, परत बोलावलं, उभं राहून हात पुढे केला — 'अभिनंदन, डॉक्टर.' करेक्शन्स? तीन टायपो. फक्त तीन!

मावशीला फोन लावला. एवढी बोलकी बाई, पण नुसती 'बरं, बरं, बरं' करत राहिली, मग म्हणाली, 'थांब हं, गॅसवर दूध आहे,' आणि फोन ठेवला. दूध कसलं? ती चहा काळा पिते.

पण आज कुणाचं काय मनावर घेऊ? मी डॉक्टर आहे! बटाट्याची डॉक्टर! गेल्या वर्षी ज्या ज्या लोकांनी 'असू दे गं' म्हटलं, त्या सगळ्यांना मी आज मोठ्या मनाने माफ केलं.

२२ जून

ग्लासगोत आहे. मावशीने इथल्या मराठी मंडळातल्या वीसेक माणसांना जेवायला बोलावून माझं कौतुक केलं. शाल, नारळ, सगळं. मी भाषणही ठोकलं, मावशीच्या उपासाचा किस्सा पोट धरून हसायला लावणारा झाला. 'हेतू नाही, नुसती सवय!' ह्यावर तर टाळ्या पडल्या. मावशी पुरी तळता तळता म्हणाली, 'बोला, डॉक्टर, बोला.'

२३ जून, सोमवार

तीन टायपो दुरुस्त करून प्रबंध इथूनच अपलोड केला. आता तो कायमचा. जगाच्या पाठीवर कुणीही वाचावा!

२४ जून, मंगळवार

सकाळी मावशी टोस्टबरोबर अंडं खात होती. मी ओरडलेच — 'मावशी, आज मंगळवार!' ती म्हणाली, 'असू दे की,' आणि मीठ मागितलं. देव ऑफिसला निघता निघता म्हणाला, 'आता फास्ट कशाला? तू पास झाली ना. लास्ट इयर तुझी व्हायव्हा गेली, तेव्हा तिने सुरू केलेला. तुला माहीत नव्हता?'

'देव, गप्प बस,' मावशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, 'निधी, मीठ दे.'