रवीचे गेम मशीन आणि मागच्या भिंतीतले दार

मी, प्रभावती श्रावण मुनेश्वर, वय ६४, बी.एस्सी., निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार दिग्रस, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहिते. दबाव कोणी आणलेला नाही. आणला असता तर ऐकला नसता. गुरुवारी नागपूरला हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून घाई.

१. शेत मुलगी दीपा हिला. बँकेतील ठेव दीपा व मुलगा रवी यांना सारखी. जावयाने चौदा वर्षे मला 'मॅडम' म्हटले, आई कधीच नाही. लक्षात आहे.

२. राहते घर रवीला, पण अटीवर. पुढच्या खोलीत यंदाचा कापूस छताला टेकला आहे. भाव वाढेपर्यंत रवी विकू देत नाही. मागच्या खोलीत सून प्रियंका व सहा महिन्यांची नात झोपतात. त्यांना बाहेर पडायला पुढच्या खोलीतूनच वाट आहे.

३. रवीला पार्लरमधले कपाटाएवढे जुने व्हिडिओ गेम मशीन आणून त्यात कॉम्प्युटर बसवायचा होता. दारव्ह्याला मन्सूर मेकॅनिककडे दोन होती. एक चकचकीत, चालू. दुसरे रंग उडालेले, बंद, पण लाकूड भक्कम. मी चालू मशीनची मागची फळी उघडायला लावली. आत कापसाच्या रुईचा थर, ट्रान्सफॉर्मरजवळ लाकूड काळे पडलेले.

"हे कुठं होतं, मन्सूरभाई?"

"कापसाच्या जिनिंगसमोरच्या गेम पार्लरमधी, मॅडम. आठ साल. मागून कोणी उघडलंच नाही."

मी रवीला म्हणाले, "दुसरं घे."

"बंद मशीन कायले घेऊ, आई? लोक हसतीन मले."

"आतलं सगळं तू काढणारच आहेस. खोका बघ, दिवे बघू नकोस."

त्याने दिवेच बघितले, चकचकीतच घेतले. मशीन आता कापसाला टेकून उभे आहे. काल त्याने ते पाच मिनिटे लावले. करपल्याचा वास आला.

"तुले भास होऊन राह्यले," रवी म्हणाला.

४. तो बाहेर जाताच मी मशीनची वायर मुळापासून कापली. दुसरी वायर बाजारात मिळते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून अट: घरात कापूस असताना ते मशीन पुन्हा लावले, तर घर प्रियंकाचे. मन्सूरभाईंनी मशीन बदलून देण्याचे कबूल केले आहे.

५. माझा मल्टिमीटर व पेचकस रवीला. आधी फळी उघडावी, मग बटण दाबावे.

६. मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत दार काढायचे आहे. रवीला विचारलेले नाही. मी गुरुवारनंतर असो वा नसो, काम थांबवू नये.

दिग्रस, सोमवार, दि. १५ जानेवारी २००७
(सही) प्रभावती श्रावण मुनेश्वर

आमच्यासमोर सही केली:
१. शेख मन्सूर, मेकॅनिक, दारव्हा
२. फुलचंद राठोड, गवंडी, दिग्रस. उद्या सकाळी सात वाजता येतो.