धडा सतरामधील दोष परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
विद्यापीठ-उद्योग संयुक्त संशोधन व कौशल्य विकास केंद्र.

विषय : धडा क्रमांक सतरामधील दुरुस्त केलेला दोष पूर्ववत करून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा तिसरा अर्ज व त्यावरील आपले तक्रार-निवारण पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, माझे पती पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षे फिटर होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवून आणि मूठ कानाला लावून ते मोटरचे दुखणे ओळखत. हे कसब नव्या कामगारांना शिकवता यावे म्हणून आपल्या केंद्राने आठ महिने त्यांच्या कामाचे ध्वनिमुद्रण केले. ते काम संपले आणि दीड महिन्यात हे गेले. झटकाच असा होता की दोन शब्द बोलायलाही सवड मिळाली नाही.

त्यांचा आवाज आमच्या घरात कुठेही जपलेला नाही. फोनचा त्यांना तिटकारा. "निघालो" एवढे सांगून ठेवून देत. म्हणून मी मुद्रणाच्या प्रतीसाठी विद्यापीठाकडे अर्ज केला. विद्यापीठाने कारखान्याकडे बोट दाखवले, कारखान्याने संयुक्त समितीकडे, आणि समितीने कळवले की मुद्रण फक्त नोंदणीकृत प्रशिक्षणार्थींनाच ऐकता येते. वयाची अट नव्हती. सबब मी चोपन्नाव्या वर्षी प्रवेश घेतला.

पहिल्या चाचणीत कोरडे पडलेले बेअरिंग मी भाच्याच्या वयाच्या मुलांआधी ओळखले, हे नमूद करते. त्यात अभ्यास काही नाही, रोज जेवताना घरात तोच विषय असे. परंतु धड्यांत मोटरी स्वच्छ ऐकू येत, यांचा आवाज मात्र कुठेच नव्हता. शिक्षकांना विचारले तेव्हा ते संकोचून म्हणाले, "काकू, माणसाचा आवाज गोंगाटात धरतात. तो काढल्याशिवाय धडा तयार होत नाही."

फक्त सतराव्या धड्यात काढणाऱ्याची नजर चुकली होती. दोन मोटरींच्या मध्ये हे स्पष्ट म्हणत, "थांबा, बोलू द्या तिला." घरी मला कधी असे बोलू दिले नाही, तो भाग निराळा. त्या चार शब्दांसाठी मी पाच महिने दोन बस बदलून येत होते. वर्ग भरण्याआधी ते एकदा ऐकले की दिवस निभावत असे.

पुढे चूक माझ्या हातून झाली. मूळ मुद्रणात त्यांचा आवाज आहे याचा पुरावा म्हणून मी तिसऱ्या अर्जात लिहिले : धडा सतरा, मिनिट सहा, सेकंद बारा. फिटरच्या घरात राहून ही सवय लागली आहे. बिघाड कळवायचा तर नेमकी जागा कळवायची. आपल्या कार्यालयाने एरवी महिनोन्‌महिने लावले, या वेळी आठ दिवसांत उत्तर दिले. निदर्शनास आणलेला दोष दूर केला आहे, मूळ मुद्रण धोरणानुसार नष्ट केले आहे, सहकार्याबद्दल आभार.

आता सहाव्या मिनिटाला मोटर तशीच चालत राहते. साहेब, मी माझ्याच हाताने त्यांना पुसले, हे मला सहन होत नाही.

तरी विनंती की, जुनी प्रत कोणाच्या संगणकात चुकून उरली असल्यास तो दोष होता तसा परत करावा. नसल्यास, ज्या कर्मचाऱ्याने आठ महिन्यांच्या मुद्रणातून त्यांचा आवाज वेचून काढला, त्याने काढण्यापूर्वी तो ऐकलाच असणार. त्याला एक दुपार माझ्याकडे पाठवावे. मी त्याला बोल लावणार नाही. हे काय काय म्हणत होते, आणि त्यात कधी माझे नाव निघाले का, एवढेच त्याने सांगावे.

आपली नम्र,
(सही)
प्रशिक्षणार्थी क्रमांक ४१
दिनांक : ९ डिसेंबर

सोबत : आपले तक्रार-निवारण पत्र, मूळ प्रत. ही मला परत नको.