आईला प्राण्यांच्या नोंदवहीत क्रमांक मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
विषाणू संशोधन प्रयोगशाळा.

विषय : मला व माझ्या आईला प्राण्यांच्या नोंदवहीत क्रमांक देऊन चाचणी व औषध मिळणेबाबत.
संदर्भ : दि. ६ रोजी मी आपल्याला तोंडी सांगितलेली वजनघट.

महोदय,

मी अर्जदार आपल्या प्राणीगृहात एकोणीस वर्षे परिचर आहे. पिंजरे धुणे, भुसा बदलणे आणि रोज सकाळी प्रत्येक हॅमस्टरचे वजन करून वहीत लिहिणे हे माझे काम. लाल खोलीतल्या चाळीस हॅमस्टरना आपण नवा विषाणू दिला आहे. हिरव्या खोलीतले चाळीस निरोगी, तुलनेसाठी ठेवलेले. (आज ते अडतीस आहेत. त्याबद्दल शेवटी लिहितो.)

१. काम हिरव्या खोलीत सुरू करून लाल खोलीत संपवायचे, उलटे कधीही नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवले गेले. एकोणीस वर्षांत मी ते एकदाच मोडले. सोमवार, दि. ३ रोजी तपासणी समिती येणार होती. लाल खोलीचा वास पाहुण्यांना येऊ नये म्हणून ती आधी धुवावी, आणि नवे गाऊन पाहुण्यांसाठी राखून ठेवावेत, असा आपला हुकूम झाला. मी का-कू केली. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?" असे आपण म्हणालात. मी लाल खोलीतला गाऊन अंगावर ठेवूनच हिरव्या खोलीत गेलो.

२. गुरुवारी हिरव्या खोलीतल्या सगळ्यांचे वजन उतरले. काटा बिघडलाय, कालचेच आकडे लिही, असे आपण सांगितलेत. मी लिहिले, ही माझी चूक. काटा मी प्रमाणित वजन ठेवून आधीच तपासला होता. तो ठणठणीत आहे.

३. शनिवारपासून मला ताप आहे. काल आई खोकू लागली. तिचे वय एकोणऐंशी, आणि आमची खोली एकच. बाहेरच्या डॉक्टरांकडे या विषाणूची ना चाचणी आहे ना औषध. मी चाचणी विभागाच्या खिडकीबाहेरून बाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "दादा, मला खरंच वाईट वाटतंय, पण वहीत नंबर असल्याशिवाय मला नमुना घेता येत नाही." लाल खोलीत दहा म्हातारे हॅमस्टर होते. ज्या पाचांना दोन दिवसांच्या आत औषध मिळाले ते जगले. उरलेले पाच आठवड्यात गेले. त्यांना पिशवीत मीच भरले. आईचा आज दुसरा दिवस आहे.

४. तरी आम्हा दोघांना क्र. ८१ व ८२ मिळावेत ही विनंती. सर्व अटी मान्य आहेत. रोज उपाशीपोटी वजन देऊ. राहायला मागची भुशाची खोली चालेल. खुणेचा बिल्ला लावायचा झाल्यास आईचे कान टोचलेलेच आहेत, अडचण येऊ नये. औषध एकाचेच शिल्लक असेल तर ते क्र. ८२ ला, म्हणजे आईला द्यावे. ती वजनाने हलकी आहे, थोडे पुरेल.

५. आता ते दोन. शुक्रवारी दुपारी आपण हिरव्या खोलीतले दोन हॅमस्टर नातीसाठी घरी नेलेत आणि वहीत "मृत" लिहायला सांगितलेत. त्यातले माणसाळलेले दोन मीच निवडले, खोक्याला भोके पाडली, खाली मऊ भुसा घातला. काटा ठीक आहे आणि वजन खरेच उतरले आहे, हे मला आदल्याच दिवशी माहीत होते. आपण पुन्हा रागवाल म्हणून मी तोंड उघडले नाही. साहेब, त्याची मला फार लाज वाटते. आज सकाळी शिपाईभाऊंनी फोनवर सांगितले, की नात कालपासून अंथरुणावर आहे आणि आपण रजा टाकली आहे. पिल्लांवर आपण प्रयोग केलेलाच नाही. त्यांचे काय होते, ते मी वहीची सगळी पाने उलटून शोधले. कुठेच लिहिलेले नाही.

म्हणून हा अर्ज आपल्या घरी पाठवत आहे. हातमोजे घालून लिहिल्यामुळे अक्षर बिघडले आहे, क्षमा असावी. वहीचे पान सोबत आहे. त्यावर आपली सही संध्याकाळच्या आत झाली, तर बाई थांबायला तयार आहेत. तिघांना मिळून एकच सही पुरते.

आजवर आपले सगळे ऐकत आलेला,
परिचर, प्राणीगृह
बुधवार, दि. १२

सोबत :
१. हिरव्या खोलीतील वजनाचे खरे आकडे, दि. ६ ते १२.
२. नोंदवहीचे पान. क्र. ८१ व ८२ मी भरले आहेत. क्र. ८३ पुढे वय सहा वर्षे एवढेच लिहिले आहे. नाव आपण घालावे.