बारा ते चारची वेळ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. ७ जुलै २०२५

ती. तात्यांस,
तनुजाचा सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी बोलत होते आणि तुम्ही टिचक्या वाजवत होता, एक म्हणजे व्हय आणि दोन म्हणजे नाय. पण आजची बातमी टिचक्यांवर भागणारी नाही, म्हणून कागद घेतला. गळ्याच्या ऑपरेशनात तुमचा आवाज गेला तेव्हापासून तुमचं बोलणं मला पत्रातच ऐकू येतं. तेव्हा उत्तराला उशीर करू नका.

मला नोकरी लागली. उस्मानपुऱ्यातल्या एका जिममध्ये, ट्रेनर म्हणून. मार्चमध्ये कंपनी सोडली तेव्हा तुम्ही दोन महिने पत्र पाठवलं नाही, हे मी विसरले नाही. पण तात्या, वाळूजच्या त्या औषध कंपनीत अकरा वर्षं मी पॅकिंगला उभी होते. पाठ अशी धरायची की सकाळी उठताना पलंगाचा कठडा धरून उठावं लागायचं. बजाजनगरच्या जिमनं मला सहा महिन्यांत सरळ केलं. तेव्हाच मनात आलं की हे आपण दुसऱ्याला शिकवावं. कोर्स केला, परीक्षा पास झाले, आणि मग चार जिमनी नाही म्हटलं. एकानं तर तोंडावर सांगितलं की सदतिसाव्या वर्षी लोक ट्रेनर ठेवतात, ट्रेनर होत नाहीत.

पाचव्या जिमचे मालक बन्सीभाऊ. त्यांनी माझे कागद बघितलेच नाहीत. काउंटरवर त्यांची आई बसली होती, सत्तरीची. म्हणाले, हिला हात न देता जमिनीवर बसवून परत उठवून दाखवा. मी आधी त्यांना खुर्चीवरून उठायला लावलं, मग स्टुलावरून, मग चटईवर गुडघा टेकवून. पाऊण तास गेला. आजी स्वतःच्या पायांवर उठल्या आणि लेकाकडं बघत राहिल्या. बन्सीभाऊ म्हणाले, सोमवारपासून या.

वेळ दुपारी बारा ते चार, फक्त बायकांसाठी. अट एकच आहे. दिवाळीपर्यंत या वेळेत आठ बायका कायमच्या झाल्या पाहिजेत, नाहीतर ही वेळ बंद आणि मीही. बजाजनगरची खोली सोडून मी इथंच मागच्या गल्लीत राहायला आलेय. खोलीला टपालपेटी नाही, म्हणून पत्र जिमच्या पत्त्यावर टाका.

रागावला असाल तर रागाचं लिहा, पण लिहा.

तुमची,
तनुजा


ढाकेवाडी, ता. पैठण
दि. १६ जुलै २०२५

चि. तनुजास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्या म्हातारीचं वाचून थोडा कमी झाला.

जिम म्हणजे तालीमच की. पंचवीस वर्षं जत्रेत कुस्त्यांचा पुकारा मी केला. माझी हाक नदीपल्याड जायची. पैलवानाचं अंग मला कळतं. पण पोरीनं पक्की नोकरी सोडून लोकांच्या उठाबशा मोजाव्यात हे काय मला अजून गिळवत नाही, आणि आता तर गिळणं तसंही अवघड झालंय. हा विनोद आहे, रडत बसू नकोस. गावात मी सांगितलंय की तू दवाखान्याच्या लाईनीत गेलीस. खोटं किती आणि खरं किती ते तूच ठरव.

तुझं नवऱ्याशी फाटलं तेव्हाही तू गावाकडं न येता तिथंच राहिलीस. तेव्हा मी तुला हट्टी म्हणालो होतो. तुझी आई म्हणाली होती की हट्ट नाही, लाज आहे, आपल्याला त्रास नको म्हणून राहिली. ती गेल्यापासून असं समजावून सांगणारं घरात कुणी राहिलं नाही, म्हणून माझ्या चुका वाढल्या असतील.

माझी काळजी करू नकोस. मनकर्णाबाई दोन वेळा भाकरी टाकून जाते. संध्याकाळी सखाराम आणि मंडळी ओट्यावर येतात. ते बोलतात, मी पाटीवर लिहितो, माझं लिहून होईस्तोवर त्यांचा विषय बदललेला असतो. लई हसतात. दिवस कसा जातो कळत नाही.

माया आहेच. पत्रात लिहायची रीत म्हणून लिहिली.

तात्या


उस्मानपुरा
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

सोबत मलमलीचे बारा रुमाल पाठवलेत, गळ्याच्या छिद्रावर बांधायला. शहागंजात चार दुकानं फिरले तेव्हा असं मऊ कापड मिळालं. दुकानदारानं विचारलं की बाळासाठी का. मी हो म्हणाले. रोज उकळत्या पाण्यातून काढून मगच बांधा.

इथं उत्तम चाललंय. बायकांची गर्दी असते. भिंतींना तीन बाजूंनी आरसे आहेत, त्यामुळं तर फारच भरल्यासारखं वाटतं. दोन वाजता सगळ्याजणी मिळून डबे उघडतो, कुणाचं लोणचं, कुणाची चटणी. मला एकटीला जेवायची सवयच राहिली नाही.

सगळ्यांत आधी आल्या त्या द्वारकाबाई. बन्सीभाऊंच्या आईच्या भजनी मंडळातल्या. वय त्रेसष्ट, मुलं दोन्ही परदेशात. पहिल्या दिवशी नऊवारीवर बूट घालून आल्या आणि दारातच थांबल्या, कारण आत सगळ्या वस्तू लोखंडाच्या होत्या. मला म्हणाल्या की मला काही उचलायचं नाही, मला फक्त मंदिरात खाली बसता आलं पाहिजे. खुर्ची आणून द्यावी लागते, मग इतर बायका आपल्याला पाहुण्यासारखं वागवतात. गेले चार आठवडे आम्ही त्याच एका गोष्टीच्या मागे आहोत. परवा त्या चटईवर बसल्या. उठायला वेळ लागला, पण उठल्या. मग अर्धा तास नुसत्या बोलत बसल्या, नातवाला मराठी येत नाही वगैरे. मीही बसू दिलं. घड्याळाकडं बघितलं नाही.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी व्यायाम शिकवताना मोठ्यानं आकडे मोजते. परवा मोजता मोजता माझं मलाच जाणवलं की माझा आवाज तुमच्यावर गेलाय. आकडा लांबवायची तुमची पद्धत आहे ना, तशी.

ओट्यावरच्या मंडळींना नमस्कार सांगा. आठवण काढता तेवढी काढत राहा.

तुमची,
तनुजा


ढाकेवाडी
दि. २८ ऑगस्ट २०२५

चि. तनुजास,
अ. उ. आ.

रुमाल मिळाले. मऊ आहेत. पोरगी लांब असली की असं काहीबाही येत राहतं, हा एक फायदा.

तुझ्या द्वारकाबाईंचं वाचलं. शिकलेली बाई दिसते. एक विचारायचं होतं. सखारामचा उजवा खांदा वर जात नाही. सदऱ्यात हात घालताना कळ येते, फडताळातला डबा काढता येत नाही. तुमच्या शास्त्रात याला काही उपाय आहे का, तो लई विचारतो. महाग औषध नको, हातानं करण्याजोगं सांग.

नऊ सप्टेंबरला तिथल्या मोठ्या दवाखान्यात माझी तपासणी आहे. माऊली नेणार आहे, पुतण्या आहे म्हणून बरं. तू रजा काढू नकोस, नव्या नोकरीत रजा मागणारा माणूस मालकाच्या डोळ्यांत खुपतो. आम्ही सकाळी येऊन दुपारी परत फिरू. बाकी क्षेम. इकडं रोज माणसांचा राबता आहे.

तात्या


उस्मानपुरा
दि. १९ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

काल माऊलीचा फोन आला. चुलत भाऊ असून त्यानं आजवर मला कधी उपदेश केला नव्हता, काल केला. म्हणाला, ताई, तात्यांकडं बघायला पाहिजे.

सखारामकाका चैत्रापासून पुण्याला लेकाकडं आहेत, परत यायचे नाहीत. मनकर्णाबाई आषाढात लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडंच राहिल्या. तुम्ही एकदा खिचडी शिजवता आणि तीच दोन वेळा खाता. ओट्यावर कुणी येत नाही. पाटीवर लिहायला वेळ लागतो म्हणून लोक थांबेनात, आणि मग तुम्हीच संध्याकाळी दार लावून घ्यायला लागलात. हे सगळं मला माऊलीकडून कळावं?

आणि तो खांदा तुमचा आहे. गळ्याच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तुमचं पत्र वाचून माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी रोज परक्या बायकांना उठवते, बसवते, आणि माझ्या बापाला डबा काढता येत नाही.

आता करायचं ते लिहिते. भिंतीकडं तोंड करून उभं राहा. उजव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चालवा, कळ येईल तिथं थांबा, पाचपर्यंत मोजा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जिथवर बोटं पोचली तिथं कोळशानं खूण करा. कळ सोसून पुढं ढकलू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनाही खांदा दाखवा.

पण हे कागदावर किती दिवस चालणार? मी ठरवलंय. दसऱ्याला गावाकडं येते आणि तिकडंच राहते. नोकरीचं बघता येईल. बन्सीभाऊंना अजून सांगितलं नाही, उद्या सांगेन.

तुम्ही मला फसवलंत याचा राग आहे. पण राग धरून बसायला आपल्याकडं दुसरं माणूस कुठंय.

तनुजा


ढाकेवाडी
दि. २४ सप्टेंबर २०२५

चि. तनुजास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं, आजच उत्तर टाकतोय. मालकाला सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगितलं असशील तर परत जाऊन नाही म्हण.

मी खोटं लिहिलं ते कबूल. सखारामला ओट्यावर बसवला, मनकर्णाबाईला चुलीपुढं बसवलं. तुला चार ओळी चांगल्या लिहायच्या तर त्यात माणसं लागतात, आणि माझ्याकडं नव्हती. लिहिताना मला स्वतःलाच बरं वाटायचं.

आता माझं ऐक. नऊ तारखेला तपासणी लवकर आटोपली. माऊलीला ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायचा होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, तू जा, मी येतो. रिक्षावाल्याला तुझ्या पत्राचं पाकीट दाखवलं. त्यानं बरोबर दारात सोडलं.

दोन वाजले होते. तुझं जिम काचेचं आहे, रस्त्यावरून सगळं दिसतं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर मी बसलो. म्हटलं, बायकांच्या गर्दीत धोतरातला म्हातारा कशाला शिरतोस, त्या जेवून उठल्या की जाऊ.

आत कुणी नव्हतं तनुजा. तू एकटी होतीस. चटईवर बसून डबा खात होतीस. खाता खाता एकदा वर बघितलंस, समोरच्या आरशात, आणि अर्ध्यावरच डब्याला झाकण लावलंस. मग उठून एक फडकं घेतलंस आणि सगळी लोखंडं पुसत फिरलीस. पुसलेलीच परत पुसलीस.

मी अर्धा तास बसलो. शेजारचा किल्ल्या बनवणारा माणूस विचारायला लागला की बाबा, कुणाकडं जायचंय. मी गळ्याकडं बोट दाखवलं. त्यानं पाणी दिलं.

हाक मारता आली असती तर मारली असती का, हे मला सांगता येत नाही. रस्ता ओलांडून येता येत होतं, त्याला काय आवाज लागत नाही. पण तू लिहिलं होतंस की सगळ्याजणी मिळून जेवता. मी आत आलो असतो तर ते खोटं पडलं असतं, आणि तुला माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. म्हणून उठलो आणि माऊलीकडं गेलो. त्याला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. ती त्यानं पाळली, बाकीचं मात्र सगळं तुला सांगून टाकलं.

आता दोघांचंही उघडं पडलं, तर सरळ बोलू. तू इकडं आलीस तर माझी भाकरी होईल. पण तू माझ्या घरात बसून तीच लोखंडं पुसशील, फक्त ती इथं नसतील. मी तुझ्या आयुष्यात एकदाच नीट बघितलं, त्या काचेतून, आणि मला एवढंच कळलं की ही पोरगी कुणी नसतानाही चार वाजेपर्यंत थांबते. काम सोडू नकोस.

भिंतीवर बोटं चालवली. कळ आली, थांबलो. खूण केली.

चौदा ऑक्टोबरला परत तपासणी आहे. मी एक वाजता तुझ्याकडं येतो. आत येतो. भाकरी माझ्या हातची आणतो, वाकडी असेल. डबा उघडू नकोस तोवर.

तुझा बाप,
तात्या


उस्मानपुरा
दि. १७ ऑक्टोबर २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याची तुमची टिचकी मिळाली. तरी लिहिते, कारण त्या दिवशी मी नीट काही बोललेच नाही.

तुम्ही दारात चपला काढल्या तेव्हा इथं कुणी चपला काढत नाही हे मी सांगितलं नाही. बरं वाटलं. भाकरी खरंच वाकडी होती आणि खाली करपली होती. मी तीन खाल्ल्या. तुम्हाला बारीक घास करून, पाण्याबरोबर, थांबून थांबून खावं लागतं हे मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघितलं. आपण पाऊण तास जेवलो. त्याआधी मी तुमचा हात भिंतीवर धरला होता. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि मी मोजत होते. पाच म्हणताना माझा आवाज फाटला. तुम्ही डोळे उघडले नाहीत, त्याचे उपकार.

द्वारकाबाई आल्या तेव्हा तुम्ही पदराआड जावं तसे आरशाकडं सरकलात. पण त्यांनी तुमच्या पाटीवरचं वाचायला चष्मा लावला आणि तुमचं लिहून पूर्ण होईपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या की तुझ्या वडिलांचं अक्षर सुंदर आहे. पण त्यांनाही मुलाचं बोलावणं आलंय. डिसेंबरमध्ये जातील, सहा महिन्यांसाठी. मंदिरात बसता येतं आता, पण मंदिर इथंच राहणार, असं म्हणून हसल्या.

बन्सीभाऊंना मी काल खरा आकडा सांगितला. पाच बायका आहेत, आठ नाहीत, आणि त्यातल्या द्वारकाबाई जाणार. मी मागचे तीन महिने गर्दी असते असंच सगळ्यांना सांगत होते, तुम्हालाही आणि शेजारणीलाही. आता तसं सांगणार नाही. त्यांनी रजिस्टर उघडून नावं मोजली. मग म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघू. कारण सांगितलं नाही. मला वाटतं त्यांच्या आईनं शब्द टाकला असावा, कारण आज त्या स्वतः दुपारी येऊन चटईवर बसल्या आणि आपण सहावी म्हणाल्या.

दुपारी दोन ते तीन अजूनही कुणी नसतं. डबा मी आता पूर्ण खाते.

एक राहिलंय. पैठणच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात, मी खाली उभी होते. काच वर सरकत नव्हती. गाडी निघता निघता तुम्ही काचेला तोंड लावून काहीतरी म्हणालात. दोनदा म्हणालात. मी मान हलवली, पण तात्या, मला ते कळलं नाही. पाटी पिशवीत होती आणि गाडी वळली. मी स्टँडवर बराच वेळ तुमच्या ओठांसारखे ओठ हलवून बघत उभी होते.

काय म्हणालात ते लिहून पाठवा. एक ओळ असली तरी चालेल.

तुमची,
तनुजा